अठ्ठावीस डेसिबल

१२ ऑगस्ट २००५, शुक्रवार

घरी येऊन माझ्यावर चिडण्यापेक्षा वहीत चिडत जा, असं म्हणून आशाने ही डायरी हातात दिली. विमा एजंटाने जानेवारीत दिलेली, आठ महिने कोरी पडून होती. बायकोचं म्हणणं मोडवत नाही, म्हणून चिडतो.

भट्टी नऊशे अंशांवर पोचायला आली की वीज जाते. वेळापत्रक छापून दिलंय, पण ते न पाळण्यासाठीच असावं. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात छत गळतं आणि शिपाई कोंडाजी तिथे बादली ठेवून निवांत असतो. लाकडी कपाटाचं दार फुगून बसत नाही, त्याला दोरी बांधली आहे. प्रिंटरमध्ये कागद अडकतो. अशा ठिकाणी मी नॅनो-संशोधन करतो आहे.

काय करतो ते एकदा लिहूनच ठेवतो, कारण कॉलेजात सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे मायक्रोवेव्हमध्ये चालणारी कपबशी का, शेवाळे सर?" नाही. बेरियम आणि लोखंड यांचं एक सिरॅमिक असतं. ते भट्टीत भाजून त्याची पूड करायची, कण केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढे. पूड दाबून लहानशी चौकोनी वडी पाडायची, तिला आम्ही पेलेट म्हणतो. तिच्यावर रडारच्या जातीच्या मायक्रोवेव्ह लहरी सोडल्या की त्या परत न येता आत जिरायला हव्यात. अशा वस्तूचा लेप विमानाला दिला तर विमान रडारला दिसणार नाही, इतकं साधं आहे. आमच्या पेलेटमध्ये अजून काही जिरत नाही. सगळा वैताग फक्त माझ्यात जिरतो.

२६ ऑगस्ट

जमलं. सतरावी पेलेट, बी-सतरा, तिने अठ्ठावीस डेसिबल दिले. आशाला समजावून सांगितलं ते असं: हजार भाग लहर पाठवली तर जेमतेम दोन भाग परत आली. आजवर, म्हणजे उन्हाळ्यातल्या सोळा पेलेटमध्ये, आमची मजल सात-आठ डेसिबलपर्यंत होती, म्हणजे शंभरातले पंधरा-वीस भाग सरळ परत. आशा म्हणाली, छान झालं, आता जेवा.

तृप्तीने तीनदा मोजलं, मग मी मोजलं. तृप्ती मंडलिक माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. मखमलाबादकडे त्यांची गुलाबाची आणि भाजीपाल्याची शेती आहे. मुलगी कष्टाळू आहे, पण आनंद म्हणून करता येत नाही तिला. म्हणाली, "सर, अशा आणखी दोन झाल्या की मग सांगू या सगळ्यांना." तोवर मी प्राचार्यांना फोन केलेला होता.

बी-सतरा कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत ठेवली आणि झाकण घट्ट लावलं. धूळ बसायला नको.

१७ नोव्हेंबर

नऊ. परवा सात. त्याआधी आठ.

तीच पूड, तोच साचा, तोच दाब, तीच मुलगी. हवा सुरेख, आकाश निरभ्र, कपाटाचं दार आपोआप लागायला लागलं आहे, आणि दिवाळीनंतर दाबलेली पेलेट एक धड येत नाही. बेरियम नायट्रेट भेसळीचं असणार. पुरवठादाराला फोन केला तर म्हणे, सर, तुमच्या मागच्या बाटलीच्याच लॉटमधलं आहे. हे लोक तोंडावर खोटं बोलतात.

चिडून बी-सतरा काढायला लावली. पंचवीस! तृप्ती दर आठवड्याला ती डबी उघडते, बाहेर काढते, मोजते, पुन्हा ठेवते. सारखं हाताळलं तर कडा झिजणारच. आजपासून डबी माझ्या टेबलाच्या खणात. तिला तसं सांगितलं. ती "बरं सर" म्हणाली आणि जायच्या ऐवजी उभी राहिली. काय, विचारलं तर म्हणाली, "काही नाही." हिच्या काही नाहीला फार अर्थ असतो आणि मला ते ऐकायला वेळ नसतो.

२४ जानेवारी २००६

शोधनिबंध पाठवून दिला, बी-सतराच्या आलेखासह. संरक्षण खात्याच्या एका समितीकडे प्रकल्पाचा प्रस्तावही गेला. त्यातही पहिल्या पानावर अठ्ठावीस.

दुपारी तृप्ती म्हणाली, आपण सगळ्या पेलेट ओव्हनमध्ये वाळवून मग मोजू या का, बी-सतरासकट. थंडीने हात चोळत चोळत, जसं काही एखादी क्षुल्लक गोष्ट मागते आहे. मी म्हटलं, बी-सतरा एकच आहे. ती दाबताना डिंकासारखं चिकटवायचं द्रव्य घातलेलं असतं, ते गरम झाल्यावर वडी तडकली तर समितीपुढे काय ठेवू? ती म्हणाली, मग बाकीच्या तरी वाळवू. बाकीच्या मुळातच बेकार आहेत, त्या वाळवून काय सिद्ध होणार? तिने मान हलवली. तिचं मान हलवणं म्हणजे होकार नव्हे, हे आता कळू लागलं आहे.

१२ एप्रिल

पारा एकेचाळीसवर. वीज दुपारी तीन तास नाही. मोजमापाच्या यंत्राला गरम होऊन स्थिर व्हायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात पुन्हा अंधार. तृप्तीचे आकडे: सहा, आठ, सात, आठ. तिच्या हातात काहीतरी आहे, असं मी सहकाऱ्यांना गमतीत म्हणालो. ती मागेच उभी होती.

खरं लिहायचं तर मला भीती वाटते. एकतीस वर्षं शिकवलं. नोट्स काढल्या, पेपर तपासले, गॅदरिंगला पडदे बांधले. पुढच्या वर्षी निवृत्त होईन तेव्हा माझ्या नावावर धड म्हणावी अशी एकच गोष्ट असेल, आणि ती फिल्मच्या डबीत आहे. ती परत होत नाही. एकदाच झालेली गोष्ट खरी असते का, असं मनात आलं. लगेच पंखा लावायला उठलो, तर वीज नव्हती.

रात्री जेवताना आशाने विचारलं, "ती मुलगी काय म्हणते?"

"वाळवा म्हणते."

"मग वाळवा की."

एवढं सोपं असतं तर लोक पीएच.डी. कशाला करतील. आशा आठवडाभर घरात नाचणीचे पापड घालते आहे, तिला जगातली प्रत्येक गोष्ट गच्चीवर नेऊन वाळवावीशी वाटते.

२६ जून, सोमवार

सव्वीस! आणि दुसऱ्या पेलेटला सत्तावीस! लागोपाठ. तीच जुनी पूड, नव्याने दाबलेली. दहा महिने मी हेच म्हणत होतो की धीर धरा. पुरवठादाराला फोन करून बरं बोललो, त्याला कारण कळलं नाही.

समिती १४ जुलैला कॉलेजात येते आहे. प्राचार्यांनी प्रवेशद्वारावर मोठा प्लास्टिकचा फलक लावायचं ठरवलं आहे.

बाकी वैताग तसाच. कपाटाला पुन्हा दोरी. कोंडाजीची बादली पुन्हा कोपऱ्यात. घरी मिठाच्या बरणीतून मीठ निघत नाही, चमच्याने खणावं लागतं. आशाला म्हटलं, तांदूळ घालून ठेव. तिने बरणी दाखवली, घातलेले होते.

तृप्ती मात्र सव्वीस बघून खूश झाली नाही. खिडकीबाहेर बघत राहिली. म्हटलं, आता तरी हस. हसली, पण कुणाला तरी बरं वाटावं म्हणून हसतात तशी.

१ जुलै

आज फार झालं. न विचारता तिने नव्या तीन पेलेट ओव्हनमध्ये ठेवल्या, एकशे दहा अंशांवर. मग मोजल्या. नऊ, आठ, नऊ. मग त्याच तीन बशीत घालून खिडकीपाशी ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजल्या. पंचवीस, सव्वीस, पंचवीस. हे सगळं दोनदा केलं आणि आज आलेख काढून माझ्यापुढे ठेवला. ओव्हन, खिडकी, पुन्हा ओव्हन, पुन्हा खिडकी. करवतीच्या दात्यांसारखी रेघ.

मी म्हटलं, ही तुझ्या ओव्हनची करामत आहे, तापवून तू पदार्थाचा स्वभाव बदललास.

ती म्हणाली, "सर, बदलला असता तर परत आला नसता. आपली पूड फार बारीक आहे, ती हवेतलं पाणी शोषते. आणि पाणी लहरी शोषतं. अठ्ठावीस आपले नाहीत, पावसाळ्याचे आहेत."

तेरा दिवसांवर समिती. दारावर फलक. निबंध स्वीकारल्याचं पत्र परवाच आलेलं. आणि ही मला सांगते की मी वर्षभर ओल मोजत होतो. मी बरंच बोललो. भाजीपाला विकणाऱ्या घरात रोजच्या रोज भाव ठरतो, संशोधनाला धीर लागतो, असंही काहीसं बोललो. रागात माणूस बोलतो. मग प्रयोगशाळेची किल्ली मागितली. तिने ती टेबलावर ठेवली, बशी उचलून कपाटात ठेवली, दोरी नीट बांधली आणि गेली.

३ जुलै

तृप्ती आली नाही. फोनही नाही. समिती तोंडावर आणि ही घरी बसली. आजकालच्या मुलांना जबाबदारी कशी ती नाही.

५ जुलै, बुधवार

समितीपुढे दाखवायची चित्रं तयार करायला बसलो आणि पहिल्या चित्रावरच अडलो. अठ्ठावीसच्या खाली काय लिहायचं? "नमुना बी-सतरा" एवढं लिहिलं. मोजताना तो कोणत्या अवस्थेत होता, हा रकाना असतो. आजवर तो मी रिकामा ठेवत आलो.

तृप्तीला एकदाच खोटं पाडू म्हणून खणातून डबी काढली. मोजली, चोवीस. तराजूवर वजन केलं. ओव्हनमध्ये ठेवली, दार लावलं आणि समोर स्टूल घेऊन बसलो. दोन तास. कोंडाजी दोनदा चहा घेऊन आला आणि दोन्ही वेळा तसाच परत गेला. वीज गेली नाही. वर्षभर जी नको तेव्हा गेली, ती आज गेली नाही.

वडी तडकली नाही. अगदी शाबूत. वजन घटलेलं.

आठ.

यंत्र पुन्हा जुळवलं. आठ. दुसऱ्या बाजूने घातली. आठ. मग बशीत घालून खिडकीत ठेवली आणि कुलूप लावून घरी आलो. आशाने विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या काही नाहीलाही अर्थ असतो म्हणायचा.

६ जुलै

सकाळी बावीस. बाहेर भुरभुर होती. दुपारपर्यंत चोवीस.

चिडायला कुणी समोर नव्हतं. पुरवठादार नव्हता, वीज मंडळ नव्हतं, मुलगीही नव्हती. पाण्यावर चिडता येत नाही. स्कूटर काढून मखमलाबादकडे गेलो. तिचा आलेख हवा होता, असं स्वतःला सांगितलं. तो माझ्या टेबलावरच होता.

रस्ता चिखलाचा. पत्र्याच्या शेडखाली तिची आई मालनबाई गुलाबाच्या जुड्या बांधत होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळून. मला बघून उठल्या, पाट दिला, हात पदराला पुसला. तृप्ती वाफ्यात आहे, बोलावते म्हणाल्या. पण लगेच गेल्या नाहीत. हळू आवाजात विचारलं, "पोरगी काही चुकली का, सर? ती सांगत नाय. नुसती काम करती. जेवायला बोलावलं तर भूक नाय म्हणती."

मी म्हटलं, "चुकली नाही."

मग त्यांनी वाफ्याकडे हाक मारली.

तृप्ती आली, पाय चिखलाने भरलेले. मला बघून दचकली नाही. मी उभा राहिलो आणि सरळ आकडे सांगितले. बी-सतरा वाळवली, आठ आले. खिडकीत ठेवली, चोवीस.

तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: "तडकली का, सर?"

मी नाही म्हणालो. तिचा चेहरा सैल झाला. माझ्या त्या वडीची काळजी तिलाही होती, हे मला ठाऊक नव्हतं. वर्षभर ती वडी मोडायला निघाली आहे असं मी धरून चाललो होतो.

मग मी नेहमीसारखा तिच्यावरच घसरलो. पाच दिवस का आली नाहीस, कळवता येत नाही का?

"किल्ली तुमच्याकडे आहे, सर," ती म्हणाली.

किल्ली माझ्या खिशातच होती. काढून दिली. मालनबाईंनी चहा आणला, त्यात साखर भरपूर होती, निमूट प्यायलो. निघताना म्हटलं की त्या दिवशी मी जे भाजीच्या भावाचं बोललो ते बोलायला नको होतं. मालनबाईंना ते काय हे माहीत नव्हतं, त्या आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तृप्ती म्हणाली, उद्या नऊला येते. स्कूटरवर त्यांनी गुलाबाची जुडी बांधून दिली, ती घरी पोचेपर्यंत निम्मी गळली. आशाने उरलेली पाण्यात ठेवली.

१४ जुलै

समिती आली, गेली.

प्राचार्य पहिल्या रांगेत. मी उभा राहिलो आणि म्हणालो की प्रस्तावात पहिल्या पानावर जो आकडा आहे तो धरू नये, तो का धरू नये हे कु. मंडलिक सांगतील. प्राचार्यांच्या हातातला पुष्पगुच्छ खाली गेला.

तृप्तीने करवतीच्या दात्यांचा आलेख लावला आणि वीस मिनिटं शांतपणे बोलली. समितीचे अध्यक्ष म्हणाले, म्हणजे तुम्ही आम्हांला हवेतली ओल मोजण्याचं साधन दाखवायला बोलावलंत. लोक हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली, उठणार होतो, पण ती बोलायला लागली होती. म्हणाली, "कोरडी केल्यावर नऊ येतात, सर. ते कुठल्याही ऋतूत नऊच येतात. आमचे आहेत तेवढे नऊ."

अध्यक्षांनी काहीतरी टिपून घेतलं. प्रकल्प मंजूर होणार नाही, हे जाताना त्यांनी सभ्यपणे सांगितलं. दुसऱ्या एका गटाचे वीसच्या वर आहेत म्हणे. कोणत्या महिन्यात मोजले, असं विचारावंसं वाटलं.

निबंध मागे घेत असल्याचं कळवून टाकलं. कोंडाजीने संध्याकाळी फलक उतरवला आणि तो गळतीखाली ताडपत्रीसारखा बांधता येईल का असं विचारलं. बांध म्हटलं.

३ ऑगस्ट

पुन्हा वैताग. तृप्तीने प्रबंधाचा आराखडा आणला. सहा प्रकरणं. पाच ठीक. चौथं प्रकरण सगळं त्या आठ-अठ्ठावीसच्या भानगडीवर, बी-सतराच्या वजनासकट, महिनावार आकड्यांसकट. मी म्हटलं, लोक प्रबंधात यश लिहितात. फसलं ते लिहायची पद्धत नाही. परीक्षक पहिलं तेच प्रकरण उघडतील.

ती म्हणाली, "उघडू देत, सर. आपल्याला पूर्ण समजलेलं तेवढंच आहे."

यावर मी तासभर वाद घातला. तिने सगळं ऐकलं, मान हलवली, आणि प्रकरण तिथेच राहिलं. वर मलाच काम लावून गेली, प्रकरणाला नाव सुचवा म्हणून. बाकीच्या पाचांची नावं तिने दिली आहेत, हे एक तुम्ही द्या म्हणे.

संध्याकाळपासून बसलो आहे. नावं लिहितो आणि खोडतो. "पर्यावरणीय घटकांचा संभाव्य प्रभाव" लिहिलं, ते हवेवर ढकलल्यासारखं वाटलं. "मोजमापातील काही मर्यादा" लिहिलं, ते यंत्रावर ढकलल्यासारखं. जे जे सुचतं ते सबबीसारखं वाचलं जातं. आशा येऊन मागून डोकावली, म्हणाली, एवढी लांब नावं कशाला.

सगळं खोडलं. एकच शब्द लिहिला, "पाणी", आणि दिवा मालवला.